कळतं पण वळत नाही : कंपन्यांच्या मोठ्या निर्णयांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवस्थापनावर बोलायला बसलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. विचारणारे कधी एमबीएचे विद्यार्थी असतात, कधी कारखान्यातले मॅनेजर, कधी धंदा वाढवता वाढवता त्यातच अडकलेले मालक. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटोपली आहेत. प्रश्नांचं वजनच तसं आहे.

रणनीती म्हणजे नेमकं काय? ध्येय, व्हिजन, योजना यांपेक्षा ती वेगळी कशी?

‘पाच वर्षांत उलाढाल दुप्पट करू’ ही इच्छा झाली. ‘ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय’ ही भिंतीवर लावायची पाटी झाली. ओळखायची एक सोपी खूण आहे : वाक्य उलटं करून बघा. ‘आम्ही ग्राहकाला नाराज करू’ असं जगात कुणीच म्हणणार नसेल, तर मूळ वाक्यातही कुणी काही ठरवलेलं नाही.

रणनीतीत काहीतरी सोडलेलं असतं. कॉस्टको ही अमेरिकी किरकोळ विक्री कंपनी दुकानात सुमारे 4,000च प्रकारच्या वस्तू ठेवते. मोठ्या सुपरमार्केटमध्ये हा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो. खरेदीच्या किमतीवर साधारण 14-15 टक्क्यांहून जास्त चढवायचं नाही, हे बंधन तिने स्वतःवरच घालून घेतलं आहे. मग कमाई कुठून? नफ्याचा मोठा वाटा सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येतो. म्हणजे निवड कमी, मार्जिन कमी, आणि वर्गणी न भरणारा गिऱ्हाईकच नको. यातली एकेक गोष्ट सेल्सच्या माणसाला टोचणारी आहे. टोचत नसती तर सगळ्यांनीच केली असती.

कोडॅकला डिजिटल युग येताना दिसलंच नाही, हे खरं का?

साफ खोटं, पण फोटोच्या फिल्मसाठी गाजलेल्या या कंपनीची गोष्ट अशीच सांगितली जाते. 1975 साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा तयार केला. फोटो 0.01 मेगापिक्सेलचा, आणि तो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. पुढे कंपनीने डिजिटल कॅमेरे भरपूर विकले. 2005 साली अमेरिकेत या विक्रीत ती पहिली होती. जानेवारी 2012मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तो अज्ञानापोटी नव्हे.

घोडं पेंड खात होतं ते कमाईच्या गणितात. फिल्मचा रोल विकला की मागोमाग रसायनं, छपाईचा कागद, पुन्हा नवा रोल. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाईक काही वर्षं परत फिरकत नाही. शिवाय समोर इलेक्ट्रॉनिक्समधल्या कंपन्या, त्यांना कमी मार्जिनवर जगायची सवय. आणि मग मोबाइल फोनने तो कॅमेराही गिळला. ज्या धंद्यात उडी मारायला कोडॅकने उशीर केला असं आपण म्हणतो, तो धंदाच फार दिवस टिकणारा नव्हता.

त्याच वादळात फुजीफिल्म ही जपानी फिल्म कंपनीही सापडली होती. 2000च्या सुमारास फिल्मची मागणी शिखरावर पोचली आणि नंतर कोसळली. कंपनीचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांच्या काळात तिने हिशोब मांडला तो वेगळा : आपण काय विकतो यापेक्षा आपल्याला येतं काय? फिल्म म्हणजे अतिपातळ थरांचं रसायनशास्त्र. तिच्यात कोलॅजेन असतं, आणि फोटोचा रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखावं लागतं. ही विद्या एलसीडी पडद्यांत लागणाऱ्या फिल्मसाठी कामी आली. 2007 साली ॲस्टालिफ्ट नावाची त्वचेची प्रसाधनं आली. औषधांतही कंपनीने पाय रोवला. याच काळात फिल्मच्या धंद्यातली हजारो माणसं कमी झाली, हे सांगायचं मात्र बहुतेक व्याख्याते विसरतात. कोडॅकजवळही रसायनांचा मोठा धंदा होता, ईस्टमन केमिकल. तो तिने 1994च्या सुरुवातीला वेगळा काढून टाकला होता.

चालू धंदा सोडायची वेळ आली आहे, हे ओळखायचं कसं?

इंटेल 1968 साली निघाली ती मेमरी चिप बनवण्यासाठी. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी दर्जा आणि किंमत दोन्हींत तिला मागे टाकलं. 1985मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असं ग्रोव्ह यांचं म्हणणं पडलं, आणि तसं झालं.

हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. त्यामागचा कारखान्यातला भाग कमी लोकांना ठाऊक असतो, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. सिलिकॉनचे वेफर, म्हणजे ज्यांवर चिप घडतात त्या पातळ चकत्या, कुठल्या चिपसाठी वापरायचे, याचा तिथे नियम होता : वेफरमागे ज्यात मार्जिन जास्त, ती चिप आधी. हा नियम मुकाट्याने पाळत नियोजन विभागाने बरीच उत्पादनक्षमता केव्हाच मायक्रोप्रोसेसरकडे वळवली होती. वर चर्चा रंगत होती, खाली निर्णय जवळपास होऊन गेला होता.

म्हणून स्वतःच्या कंपनीत आधी हे बघा : यंत्रांचे तास, चांगली माणसं आणि पैसा आज कुठे वाहतोय? आणि तोट्यातला एखादा विभाग केवळ ‘आपली ओळख त्यातून झाली’ म्हणून सगळ्यात हुशार पोरांना धरून बसलाय का?

याला एक कडू शेपूट आहे. मार्जिनच्या ज्या हिशोबाने इंटेलला तारलं, त्याच धाटणीच्या हिशोबाने पुढे तिने आयफोनच्या चिपचं काम नाकारलं. ॲपल देऊ करत असलेली किंमत अंदाजित खर्चाच्याही खाली होती आणि तो खर्चाचा अंदाजच चुकीचा निघाला, असं इंटेलचे सीईओ पॉल ओटेलिनी यांनी 2013 साली पद सोडताना सांगितलं. नियम चांगला असला तरी त्यात भरलेले आकडे कुणीतरी तपासावे लागतात.

नफा दिसतो, मग खात्यात पैसे का नसतात?

नफा नफा-तोटा पत्रकात असतो आणि पगार बँकेतून जातो. गिऱ्हाईक 90 दिवसांनी पैसे देतो, पुरवठादार 30 दिवसांत मागतो. मधले 60 दिवस तुम्ही खिशातून भागवता, आणि विक्री वाढेल तसा हा खड्डा मोठा होतो. हातात भरघोस ऑर्डर असताना कंपनी बंद पडते ती अशी. यावर मोठी रणनीती लागत नाही, वसुलीला खमक्या माणूस लागतो.

सगळ्या उद्योगांची दुखणी सारखीच असतात का?

माणसांची सारखी, पैशाची वेगळी. विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, म्हणून विमान कंपन्या तिकिटाचे दर सतत हलवत राहतात. पोलादाच्या झोतभट्टीचं दुखणं उलटं. ती मनात आलं तेव्हा विझवता येत नाही, त्यामुळे मागणी पडली तरी माल निघतच राहतो आणि भाव आणखी पडतो. औषध कंपनीला पेटंट 20 वर्षांचं मिळतं, पण घड्याळ अर्ज केल्या दिवसापासून चालू होतं. चाचण्या आणि मंजुरीत दहा-बारा वर्षं गेली, तर कमवायला उरलेली वर्षं बोटांवर मोजण्याइतकी. सॉफ्टवेअरची पहिली प्रत बनवायला सगळा खर्च, दुसरीला जवळपास काहीच नाही.

त्यामुळे दुसऱ्या उद्योगातला यशस्वी माणूस आणला आणि त्याने तिथली युक्ती जशीच्या तशी लावली, की गडबड होते. पुढचं उत्तर त्याचंच आहे.

मोठा बदल करण्याआधी ग्राहकांना विचारावं का?

जे. सी. पेनी या जुन्या अमेरिकी कंपनीने 2011च्या शेवटी ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन यांना सीईओ केलं. त्यांनी कूपन आणि सततचे सेल बंद करून रोजचा एकच स्वच्छ भाव ठेवला. कागदावर प्रामाणिक कल्पना. पण पेनीच्या गिऱ्हाइकाला सूट मिळवण्यातच खरेदीचा आनंद होता. काही दुकानांत आधी करून बघायचं, तेही झालं नाही. 2012 या एका वर्षात विक्री सुमारे चतुर्थांशाने घटली, आणि एप्रिल 2013मध्ये जॉन्सन बाहेर पडले.

म्हणजे विचारायला हवं होतं? कोका-कोलाने विचारलं होतं. 1985 साली नवी चव आणण्याआधी जवळपास दोन लाख लोकांना ती चाखवली, आणि बहुतेकांना ती आवडलीही. 23 एप्रिलला नवा कोक आला, लोक खवळले, आणि 79 दिवसांत कंपनीला जुना कोक परत आणावा लागला. ‘कुठली चव बरी?’ एवढंच विचारलं होतं. ‘ही घेतली तर ती कायमची जाईल, चालेल?’ हे कुणी नीट विचारलंच नाही. नवं काय मिळणार हे सांगून घेतलेला कौल आणि जुनं काय जाणार हे सांगून घेतलेला कौल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टार्गेट दिल्याशिवाय लोक काम करतात का?

करतात. पण टार्गेट असावं, फक्त ते गाठण्याचा सर्वांत लबाड मार्ग कोणता असेल, हे ते लावण्याआधी तुम्हीच शोधून ठेवावं.

वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायचं ध्येय होतं. दबाव इतका, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत त्यांच्या नावाने खाती उघडली. सप्टेंबर 2016मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला, आणि तोवर सुमारे 5,300 जणांना कामावरून काढल्याचं बाहेर आलं. आता विचार करा : पाच हजारांवर माणसं एकाच पद्धतीने चुकतात तेव्हा खोट माणसांत असते की मोजपट्टीत? सुरुवातीला वरच्यांनी दोष खालच्यांवरच ढकलला होता. काही आठवड्यांत सीईओलाही जावं लागलं.

साठा कमी ठेवावा की जास्त?

हा प्रश्न टोयोटाच्या नावाने विचारला जातो : ‘जस्ट इन टाइम आता संपलं ना?’ म्हणजे साठा न करता, लागेल तेव्हाच माल मागवायची तिची पद्धत. तर ऐका.

1 फेब्रुवारी 1997ला आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळाच्या सगळा तिथून यायचा, आणि हाताशी साठा होता काही तासांचा. टोयोटाचे कारखाने थांबले. मग साठहून जास्त कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात ब्रदर ही शिलाई मशिनवाली कंपनीसुद्धा होती. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. साठा नव्हता, पण संबंध होते. हाकेला धावून येणारे पुरवठादार ताळेबंदात कुठेच दिसत नाहीत, म्हणून खर्च कापताना आधी त्यांनाच पिळलं जातं.

उलटी बाजू मार्च 2000ची. फिलिप्सच्या अमेरिकेतल्या अल्बुकर्क शहरातल्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत विझली, पण धुराने स्वच्छ कक्षांची वाट लागली. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्यांना चिप तिथूनच मिळायच्या, आणि दोघांना निरोप गेला की आठवडाभर उशीर होईल. नोकियाने त्या निरोपावर विश्वास न ठेवता रोज चौकशी लावली, दुसरे पुरवठादार गाठले, काही चिपचा आराखडाही बदलला. एरिक्सनमध्ये निरोप खालच्या टेबलावरच पडून राहिला. वर पोचला तेव्हा बाजारात चिप उरल्या नव्हत्या. सुमारे 40 कोटी डॉलरची विक्री हातची गेली, आणि 2001 साली एरिक्सनने मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला.

टोयोटाने स्वतः काय केलं? जपानमधल्या 2011च्या भूकंपानंतर कुठला भाग हुकला तर सगळं अडेल याची यादी केली, आणि चिपच्या बाबतीत पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. सगळ्याचा साठा नव्हे. ज्याला पर्याय नाही, त्याचा.

दुसरी कंपनी विकत घेऊन वाढणं सोपं नाही का?

दुरून डोंगर साजरे. डाइमलर ही जर्मन आणि क्रायस्लर ही अमेरिकी मोटार कंपनी 1998 साली एकत्र आल्या तेव्हा व्यवहार सुमारे 36 अब्ज डॉलरचा होता आणि त्याला ‘समानांचं मीलन’ म्हटलं गेलं. 2007मध्ये क्रायस्लरचा 80 टक्क्यांवर हिस्सा 7.4 अब्ज डॉलरच्या व्यवहारात सर्बेरस या गुंतवणूक कंपनीकडे गेला.

शिकण्यासारखी जोडी मात्र टाटा समूहाची आहे. 2007 साली कोरस ही पोलाद कंपनी सुमारे 12 अब्ज डॉलरला, आणि 2008च्या जूनमध्ये जग्वार लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला. समूह एक, देश एक, मध्ये जेमतेम वर्ष. कोरससाठी ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी बोली चढत गेली. शेअरमागे 455 पेन्सवरून सुरू झालेला भाव 608वर थांबला. पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि युरोपातली पोलादाची मागणी बसली. 2016मध्ये ब्रिटनमधला त्यातला एक मोठा धंदा नाममात्र एका पौंडाला विकावा लागला. जग्वार लँड रोव्हरची सुरुवातही तोट्यातच झाली होती. पण तिथे विकणाऱ्या फोर्डला पैशाची निकड होती म्हणून भाव आवाक्यात राहिला, आणि नव्या गाड्यांवर खर्च करायला वाव उरला. चांगली कंपनी आणि चांगला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिलावात हात वर करताना हे आठवत नाही, इतकंच.

जुनं सॉफ्टवेअर बदलावं की चालतंय तसं चालू द्यावं?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 साली नवी ईआरपी (ऑर्डर, साठा, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारी) प्रणाली सुरू केली ती नेमकी हॅलोविनच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या हंगामाच्या तोंडावर. गोदामात माल पडून आणि सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डर पाठवता येईनात. दुसरीकडे साउथवेस्ट एअरलाइन्सने कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणारी जुनी प्रणाली रेटत नेली. डिसेंबर 2022च्या हिमवादळात तिला कुठला वैमानिक कुठे आहे हेच जुळवता येईना. जवळपास 17,000 उड्डाणं रद्द झाली आणि पुढे 14 कोटी डॉलरचा दंड झाला.

बदलायचंच, पण मंदीच्या महिन्यात आणि तुकड्यातुकड्याने. आणि एक खूण : मी पाहिलेल्या एका कारखान्यात कोट्यवधींची नवी प्रणाली होती, तरी स्टोअरचा माणूस खरा साठा स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये ठेवायचा. सगळे त्यालाच फोन करायचे. ती शीट जोवर बंद होत नाही, तोवर प्रणाली सुरू झालीच नाही असं समजा.

एआय आणून किती माणसं कमी करता येतील?

क्लार्ना या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी 2024मध्ये जाहीर केलं, की आमचा एआय सहायक 700 ग्राहकसेवकांइतकं काम करतो. 2025 साली तिच्याच सीईओंनी दर्जा घसरल्याचं मान्य करत पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. एआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ‘माणसं किती वाचतील?’ ऐवजी ‘कुठलं काम चुकलं तरी चालेल?’ इथून सुरुवात केली तर उत्तर बरं निघतं.

सल्लागार नेमावा का?

उंटावरून शेळ्या हाकणारा नको. उत्तर आत कुणाला तरी माहीत असतं, पण त्याचं ऐकलं जात नाही. अशा वेळी बाहेरच्याच्या तोंडून तेच वदवून घ्यायला उपयोग होतो. महाग पडतं.

संकट आलं की पहिलं काय करायचं?

1982 साली शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि सात जण दगावले. ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचा त्यात दोष नव्हता. तरी तिने देशभरातून सुमारे 3.1 कोटी बाटल्या परत घेतल्या, खर्च 10 कोटी डॉलरच्या घरात. मग छेडछाड केली तर कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा आणलं आणि गमावलेला बाजारहिस्सा बहुतांशी परत मिळवला.

बोईंगचं 737 मॅक्स ऑक्टोबर 2018मध्ये पहिल्यांदा कोसळलं, तेव्हा विमानं उडतच राहिली. मार्च 2019मध्ये दुसरं कोसळलं. दोन्ही मिळून 346 बळी. त्यानंतर अमेरिकेत हे विमान 20 महिने जमिनीवर होतं. बैल गेला अन् झोपा केला. वकील विचारतात, दोष सिद्ध झालाय का? पहिल्या चोवीस तासांत विचारायचा प्रश्न दुसराच असतो : उद्या आणखी कुणाला इजा होऊ शकते का?

संस्थापकाने खुर्ची कधी सोडावी?

परत बोलवावं लागणार नाही, अशी माणसं तयार झाली की. स्टारबक्स ही कॉफीची साखळी मोठी करणारे (मूळ संस्थापक नव्हेत, पण तसेच ओळखले जाणारे) हॉवर्ड शुल्ट्झ 2000 साली सीईओपदावरून उतरले, 2008 साली परत आले, 2017 साली पुन्हा उतरले आणि 2022 साली तात्पुरते का होईना, पुन्हा आले. प्रत्येक वेळी त्यांचं कौतुक झालं. पण एकाच माणसाला इतक्यांदा हाक मारावी लागते, याचा जाब संचालक मंडळाला विचारायला हवा होता.

जाहीर केलेला निर्णय मागे घेतला तर नाचक्की होत नाही का?

होते. थोडे दिवस. नेटफ्लिक्सने जुलै 2011मध्ये टपालाने घरी येणाऱ्या डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगच्या एकत्र योजनेचा दर 9.99 डॉलरवरून 15.98 डॉलरवर नेला. लोक चिडलेले असतानाच सप्टेंबरमध्ये जाहीर केलं, की डीव्हीडीचा धंदा क्विकस्टर या वेगळ्या नावाने चालेल. म्हणजे ग्राहकाला दोन संकेतस्थळं, दोन बिलं. त्या तिमाहीत अमेरिकेतले सुमारे 8 लाख सभासद गेले. ऑक्टोबरमध्ये, सुरू होण्याआधीच, क्विकस्टर गुंडाळलं.

मागे घेतलं ते नाव आणि ती फाळणी. स्ट्रीमिंगकडे जायचा मूळ निर्णय आणि वाढवलेला दर, दोन्ही कायम ठेवले. लोकांनी आरडाओरडा केला की नेमकं काय चुकलं हे वेगळं काढणं फार कठीण जातं. एकतर सगळंच रेटलं जातं नाहीतर सगळंच सोडलं जातं. इथे तसं झालं नाही. ज्या डीव्हीडींना 2011 साली घराबाहेर काढायचं ठरलं होतं, त्या त्याच घरातून आणखी बारा वर्षं जात राहिल्या. शेवटचं लाल पाकीट टपालात पडलं 29 सप्टेंबर 2023ला.